अण्णांचा स्वेटर वाढवला

"ओढ गं जोरात. पोट आत घेतलंय मी."

मी जोर लावून दोन्ही बाजू ओढल्या. बटण कसंबसं काजात गेलं. अण्णांनी विजयी मुद्रेनं श्वास सोडला आणि त्यासरशी ते बटण सुटून समोर बसलेल्या गोदूआत्याच्या चहात पडलं.

"बाई बाई, माशी पडली," आत्या म्हणाली.

"माशी नाही अक्का, बटण आहे माझं. पिऊ नकोस."

ही आमच्या घरातली डिसेंबरातल्या एका सोमवारची सकाळ. मी तेव्हा बाविशीत होते. अण्णा निफाडजवळच्या एका साखर कारखान्यात वजनकाट्यावर होते आणि आम्ही कारखान्याच्या कॉलनीत राहत होतो. गोदूआत्या ही अण्णांची थोरली बहीण. यजमान गेल्यापासून ती आमच्याकडेच असे. निफाडची थंडी काय चीज आहे ते तिथल्या द्राक्षवाल्यांना विचारावं; घड वाचवायला बागेत शेकोट्या पेटवाव्या लागतात. त्या थंडीत भल्या पहाटे उसाच्या गाड्या काट्यावर यायच्या आणि अण्णा तो स्वेटर घालून त्यांची वजनं करायचे.

स्वेटर कॉफी रंगाचा, पुढून बटणांचा, छातीवर दोन बाजूंना दोन जाड वेण्या विणलेला. कोपरं विरली होती, तिथे आईनं कातड्याची ठिगळं लावली होती. खालची पट्टी सैल होऊन लोंबत होती आणि मधला भाग मात्र अण्णांच्या पोटाशी रोज नव्यानं भांडत होता. पण तो टाकायचं नाव काढलं असतं तर अण्णांनी आधी आम्हालाच टाकलं असतं. कारण तो आईनं लग्नाआधी स्वतःच्या हातानं विणून त्यांना दिला होता. हे कॉलनीतल्या शेंबड्या पोरालाही माहीत होतं, इतके अण्णा ते सांगत सुटायचे. ऊस कमी भरला म्हणून एखादा गाडीवान कुरकुरायला लागला, की अण्णा त्याच्यापुढे स्वेटरची बाही धरायचे. "टाके बघ. बायकोच्या हातचे आहेत. एक तरी लहानमोठा दिसतो का? तसा माझा काटा."

येत्या रविवारी मला बघायला संगमनेरहून खासनीस मंडळी येणार होती आणि त्यांच्यासमोर अण्णांना हाच स्वेटर घालून बसायचं होतं.

"अण्णा, नवा घ्या की एखादा," मी म्हटलं.

"नवा घालायला मी काय नवरदेव आहे? मुलीची आई काय गुणांची आहे ते त्यांना दिसू दे. मग मुलीबद्दल वेगळं बोलावं लागत नाही."

"पण मला कुठे विणता येतं?"

"येईल. रक्तात आहे."

आई दळण आणायला गेली होती. अण्णांनी स्वेटर काढून आत्याच्या मांडीवर ठेवला. "अक्का, कुमुद आली की सांग, हा रविवारच्या आत वाढवून ठेव म्हणावं." मग आत्याचीच शाल पांघरून ते कामावर गेले आणि मी माझ्या टायपिंगच्या क्लासला गेले.

इथे आत्याच्या बोलण्याबद्दल सांगायला हवं. तिच्या तोंडून कधी अशुभ शब्द निघायचा नाही. बांगडी फुटली असं आपल्यात कुणीच म्हणत नाही, वाढवली म्हणतात. मंगळसूत्र तुटत नाही, वाढतं. वाणीसुद्धा संध्याकाळी दुकान बंद करत नाही, वाढवतो. पण आत्या तेवढ्यावर थांबत नसे. तिच्या राज्यात तुटणं, फुटणं, मोडणं हे प्रकारच नव्हते. हातातून कप पडला की कप वाढला. खाटेचा पाय मोडला की खाट वाढली. शेजारच्या देवकाकूंच्या मुलाची सोयरीक मोडली, तेव्हा ही समाचाराला गेली आणि म्हणाली, "सोयरीक वाढली असं ऐकलं." काकूंना हसावं की रडावं ते कळेना. अण्णा यावरून तिची येता-जाता टिंगल करायचे.

दुपारी मी क्लासहून परत आले, तर आत्या अंगणात उन्हाला बसलेली. पायाशी परात. परातीत कॉफी रंगाच्या लोकरीचे गुंडे. मांडीवर एक बाही. स्वेटरची म्हणावी अशी तेवढीच एक वस्तू उरली होती.

"आत्या! अगं हे काय केलंस?"

"झालंच हो. एवढी बाही वाढवली की मोकळी झाले."

"अण्णांनी वाढवायला सांगितला होता ना!"

"मग मी काय करतेय?" आत्या तोंडभर हसली. "एवढी वर्षं हसतो मला मेला. पण आज बघ कसा नीट बोलला. मोड नाही म्हणाला. बायकोच्या हातची वस्तू, त्यात लेकीचं शुभकार्य तोंडावर आलेलं. वाढव म्हणाला. म्हटलं कुमुदला कशाला त्रास, तिला लोकरीनं पुरळ येतं, आपणच वाढवून ठेवावा."

आत्याला विणकाम येत नव्हतं, पण उसवण्यात तिचा हात धरणारं तालुक्यात कोणी नव्हतं. अख्ख्या स्वेटरात धागा कुठे तुटू दिला नव्हता तिनं. मी तिच्या हातून ती बाही काढून घेतली, तेवढ्यात फाटकातून आई आली. परातीकडे तिची नजर गेली आणि कडेवरचा पिठाचा डबा आपोआप खाली उतरला. ती पायरीवर बसली. रंग पार उडाला होता तिचा. मला वाटलं, आता अण्णा काय म्हणतील म्हणून घाबरली.

अण्णा संध्याकाळी आले. त्यांनी परातीकडे बघितलं, बाहीकडे बघितलं, बहिणीकडे बघितलं.

"वाढवला हो," आत्या म्हणाली.

अण्णा बाही हातात घेऊन खुर्चीत बसले. त्यांचे डोळे भरले, खरंच भरले. मला त्यांची फार दया आली. आणि मग आमचे अण्णा एकदम खुलले.

"अरे, पण मी रडतोय कशाला? विणणारी घरातच आहे की! लोकर तीच, हात तोच. कुमुद, नवा विण. आत्ताच्या मापाचा. पाहुण्यांनाही सांगता येईल, हा बघा, कालच सुईवरून उतरलाय."

आईनं परातीतला एक गुंडा उचलला आणि परत ठेवला.

"तुला पुरळ येईल, कळतं मला. पण एकदाच विण गं."

"विणते," आई म्हणाली, आणि स्वयंपाकघरात गेली.

मी मागोमाग गेले. तिनं भाकरी थापायला घेतली होती, पण भाकरीला काही आकार येत नव्हता.

"वृंदे, दार लोट," ती म्हणाली. मी लोटलं. "मला विणता येत नाही."

"विसरलीस?"

"विसरायला आधी यावं लागतं."

"मग तो स्वेटर?"

"दिगूदादानं विणलाय."

"मामीनं?"

"मामीनं नाही. मामानं."

दिगूमामा हा आईचा थोरला भाऊ, सिन्नर डेपोला एसटीचा ड्रायव्हर. मिशा दोन्ही बाजूंनी गालाबाहेर आलेल्या आणि आवाज असा की गाडीचा हॉर्न बिघडला तरी त्याचं अडलं नसतं. तो मांडी घालून लोकर विणतोय हे चित्र माझ्या डोळ्यांपुढे येईना.

मग आईनं सगळं सांगितलं. तरुणपणी मामाच्या छातीत दोष निघाला, तो बरेच महिने आरोग्यधामात होता. नुसतं पडून राहून त्याचं डोकं फिरायला लागलं, तेव्हा तिथल्या नर्सबाईंनी त्याला विणायला शिकवलं. बरा होऊन घरी आल्यावर दार लावून घेऊन त्यानं स्वतःसाठी तो वेण्यांचा स्वेटर विणला. आणि त्याच हिवाळ्यात अण्णांकडची मंडळी आईला बघायला आली.

"तुझ्या आजीनं विचारलं, विणकाम येतं का? मी नाही म्हणायला तोंड उघडलं, तोवर माझ्या आईनं तो स्वेटर पुढे केला. म्हणाली, हिनंच विणलाय, जावयासाठी. हे आपले थंडीनं कुडकुडत होते. तिथेच अंगात घातला. तेव्हा दादाची आणि ह्यांची अंगकाठी एकच होती, नेमका बसला. सगळे हसले. दादा कोपऱ्यात उभा होता, अवाक्षर बोलला नाही. तो हिवाळा नुसत्या शर्टावर काढला त्यानं."

"मग नंतर तरी सांगायचं ना अण्णांना."

"आधी लाज वाटली. मग हे गावभर सांगत सुटले, मग सांगायची सोयच उरली नाही. पुरळाची थाप मारली आणि सुटले. नाचता येईना अंगण वाकडं, तसं माझं, विणता येईना लोकर बोचरी." आई हसायला गेली आणि तिनं बिघडलेल्या भाकरीचा पुन्हा गोळा केला. "पण वृंदे, त्या स्वेटरवरून पसंत केली गं ह्यांनी मला. आणखीही मुली बघितल्या होत्या. आता कळलं तर ह्यांच्या लेखी माझं काय राहिलं?"

आईच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. मला वाईट वाटत होतं आणि मिशांचं आठवून हसूही फुटत होतं, म्हणून मी तव्याकडे तोंड करून उभी राहिले.

दुसऱ्या दिवशी क्लास बुडवून मी सिन्नर गाठलं. मामा स्टँडवर चार कंडक्टरांत उभा राहून चहा पीत होता.

"मामा, आईनं बोलावलंय. स्वेटर उसवला."

मामाला ठसका लागला. त्यानं माझ्या दंडाला धरून मला गाडीच्या मागे नेलं. "हळू बोल. कोणता?"

"तोच."

"वेण्यांचा?" कुणी जवळचं गेल्याची बातमी ऐकावी तसा तो माझ्याकडे बघत राहिला. "सगळा?"

"एक बाही आहे. आता आईला नवा विणायचाय. अण्णांसाठी, रविवारपर्यंत."

"तिला सुई कुठून धरतात ते ठाऊक नाही," मामा म्हणाला. मग मिशीवरून हात फिरवत विचारलं, "लोकर धुतली का? उसवलेली लोकर कुरळी असते. लडी करून रिठ्याच्या पाण्यातून काढा आणि खाली वजन लावून वाळत घाला, म्हणजे सरळ होते. मी उद्या येतो. आणि हे बघ, डेपोत एका शब्दानं कळता कामा नये. गाडी काढून घेतील आणि पाळणा हाकायला बसवतील मला."

बुधवारी मामा रजा टाकून आला. विणायच्या सुया त्यानं छत्रीत लपवून आणल्या होत्या.

"दिगंबरराव, डिसेंबरात छत्री?" अण्णांनी विचारलं.

"ऊन सोसत नाही हल्ली, त्र्यंबकराव," मामा म्हणाला. भाचीच्या कार्याला मदत करायला आलोय, असं त्यानं सांगितलं आणि अण्णा कामावर जाताच मागच्या खोलीचं दार लावून घेतलं.

पाठीचा भाग भराभर वर चढायला लागला. मी दारातून बघत बसायचे. त्या जाडजूड बोटांतून सुया कशा सळसळायच्या, बघतच राहावं. संध्याकाळी अण्णांची सायकल वाजली की मामा ते विणकाम आईच्या हाती द्यायचा आणि पडवीत जाऊन पेपर वाचायचा. आई खुर्चीत बसून सुया एकमेकींवर नुसत्या आपटायची. अण्णा समोर बसून कौतुकानं बघायचे.

"काय हात चालतो गं तुझा!"

दुसऱ्या दिवशी तर त्यांनी कारखान्याच्या दवाखान्यातून मलमाची डबी आणली. "पुरळाला. आधीच लावून ठेव." आईनं डबी घेतली. त्या मलमानं ती जेवढी कासावीस झाली, तेवढी कुठल्या पुरळानं झाली नसती. "हे ओरडले असते तर बरं झालं असतं," ती मला म्हणाली.

शुक्रवारी ऊसच कमी आला, गाळप थांबलं, आणि अण्णा भरदुपारी घरी आले. आत्या अंगणात डुलक्या घेत होती. मी मोरीत कपडे धूत होते. आई मागच्या खोलीत मामाला चहा देत होती, त्यामुळे दार उघडं होतं. अण्णा सरळ आत गेले.

बनियनवर बसलेला मामा, नाकावर चष्मा, मांडीवर अर्धा स्वेटर. त्याची बोटं सुयांवरच थांबली.

"दिगंबरराव, हे काय?"

"विणतोय," मामा म्हणाला. दुसरं काय म्हणणार?

"ते दिसतंय. कधीपासून?"

मामानं आईकडे बघितलं. आईनं हातातली कपबशी जमिनीवर ठेवली.

"आपल्या लग्नाच्या आधीपासून," ती म्हणाली.

अण्णांना कळायला थोडा वेळ लागला. मग त्यांनी एकदा मामाच्या मिशांकडे बघितलं आणि एकदा स्वतःच्या छातीकडे. "म्हणजे आजवर काट्यावर मी ह्याच्या हातच्या उबेत बसत होतो?"

"ऊब लोकरीची असते, त्र्यंबकराव," मामा चाचरत म्हणाला.

एरवी या वाक्यावर अण्णा खो-खो हसले असते. पण ते हसले नाहीत. आईला म्हणाले, "जगाला काय सांगायचं ते सांगितलं असतंस. पण मला, कुमुद? मला तरी सांगायचं होतंस." आणि चपला घालून निघून गेले. संध्याकाळी परत आले ते न बोलता जेवले आणि भिंतीकडे तोंड करून झोपले.

आईनं रडून घेतलं. शनिवारी सकाळी ती मागच्या खोलीत गेली आणि म्हणाली, "दादा, तो सुईवरचा भाग दे इकडे." मामानं दिला. तिनं तो तसाच आत्याच्या मांडीवर नेऊन टाकला. "वन्सं, हा वाढवा."

"नक्की?" आत्यानं विचारलं. या वेळी तिलाही खात्री करून घ्यावीशी वाटली.

"नक्की. ह्यांना हातचं हवं होतं ना माझ्या? मग जे होईल ते माझ्याच हातचं होईल."

"एका दिवसात स्वेटर?" मामा म्हणाला. "अगं, पट्टी होईल फार तर."

"पट्टी तर पट्टी. मफलर करू. शिकव मला."

मामाला शिकवायचा अनुभव नव्हता. त्याला शिकवायला येत होती ती एकच गोष्ट, गाडी. म्हणून त्यानं आईला विणकाम गाडीसारखंच शिकवलं. "सुलट टाका म्हणजे सरळ रस्ता. सुई पुढून घाल, धागा घे, बाहेर काढ, निघाली गाडी. आता उलट टाका म्हणजे रिव्हर्स. आधी धागा पुढे घे. घाई नको. अगं ब्रेक, ब्रेक! टाका खाली पडला की! पॅसेंजर राहिला ना स्टँडवर!"

"कुठला पॅसेंजर?"

"हा काय. घे त्याला वर. आणि हे मधे दोन जास्तीचे कुठून चढले? विनातिकीट?"

आत्या हसून हसून आडवी झाली. आईच्या कपाळाला थंडीत घाम आला होता, जीभ दातांत धरलेली, पण तिनं सुया खाली ठेवल्या नाहीत. विनातिकीट चढत राहिले, पॅसेंजर स्टँडवर राहत राहिले, आणि मफलर लांबत गेला. सुरुवातीला तो वीतभरही रुंद नव्हता. शेवटाकडे टॉवेलाएवढा झाला. मामा म्हणाला, "शेवटची ओळ मी बंद करून देतो." आई म्हणाली, "हात लावायचा नाही." रविवारी सकाळी तिनं तो घडी करून अण्णांच्या खुर्चीच्या पाठीवर ठेवला.

अण्णा आंघोळ करून आले. मफलर उचलला, उलटासुलटा करून पाहिला, आणि आतल्या खुंटीवर टांगून बाहेरच्या खोलीत गेले. आई फोडणीचं निमित्त करून चुलीकडे वळली.

पाहुणे आले. मुलगा श्रीनिवास, उंच आणि अबोल, त्याचे काका, आणि त्याच्या आई, म्हणजे खासनीसबाई. बाईंचा चेहरा असा की घरात शिरता शिरताच त्यांनी आमच्या कोपऱ्यांतली जळमटं मोजली असावीत. मधल्या टेबलावर देवकाकूंनी भरलेला मोरांचा टेबलक्लॉथ घातला होता. तो मी भरलाय असं सांगायचं आधीच ठरलं होतं. त्या काळी असं घरोघर चालायचं. एकेका टेबलक्लॉथनं चार-चार मुली उजवल्या.

पोहे झाले. बाईंनी टेबलक्लॉथची कड उचलून मागची बाजू तपासली. "सुरेख भरलाय. मुलीनं का?"

मी तोंड उघडलं. काय बोलणार होते देव जाणे. पण माझ्याआधी आई बोलली.

"नाही. शेजारच्या देवकाकूंनी भरलाय."

बाईंनी टेबलक्लॉथची कड सोडली. आईच्या हातात अजून ट्रे होता. ती बोलत राहिली. "वृंदाला भरतकाम येत नाही, विणकाम येत नाही. टायपिंग चांगलं येतं, स्वयंपाक बरा करते. मुली आईकडून शिकतात, पण आईलाच काही येत नव्हतं. मला बघायला आले होते तेव्हाही असंच दुसऱ्याचं काम पुढे ठेवलं होतं. मी गप्प बसले. त्याला फार वर्षं झाली, पण ते गप्प बसणं अजून उरावर आहे. मुलीच्या उरावर नको."

आत्यानं डोळे मिटून देवाचं नाव घेतलं. कोपऱ्यात मामा फरशी निरखत होता. आणि अण्णा एकदम उठले आणि आत निघून गेले. आईनं ट्रे छातीशी धरला. तिच्या चेहऱ्याकडे मला बघवेना.

अण्णा परत आले तेव्हा त्यांच्या गळ्यात मफलर होता. अरुंद टोक मानेभोवती गुंडाळलेलं, रुंद टोक पोटावर पसरलेलं. ते सरळ खासनीसबाईंसमोर जाऊन उभे राहिले.

"हिला येत नव्हतं हे खरं आहे," अण्णा म्हणाले. "पण आता येतं. कालपासून. हे बघा."

बाईंनी चष्मा लावला आणि ते टोक हातात घेतलं. "हा टाका सुटलाय."

"सुटलाय," अण्णा म्हणाले.

"इथे दोन जास्त आलेत."

"आलेत."

"आणि हे एवढं भोक?"

"ते वारा जायला ठेवलंय."

इतका वेळ मुका बसलेला श्रीनिवास फस्सकन हसला आणि चहा त्याच्या नाकात गेला. मी त्याच क्षणी मनातल्या मनात होकार देऊन टाकला. अशा वेळी हसणारा माणूस मला पुढच्या आयुष्यात हवा होता. बाईंनी चष्मा काढून आईकडे बघितलं.

"पोहे तरी मुलीनंच केलेत ना?"

"मीच केलेत," मी म्हटलं.

"मीठ कमी आहे," त्या म्हणाल्या आणि स्वतःची बशी पुढे केली. "थोडे आणखी घाल."

त्यांचा होकार आठवडाभरात आला. माझ्या सासूबाईंना मी पुढे खूप वर्षं ओळखलं. त्या दिवशी त्यांना आमच्या घरातलं काय आवडलं हे मला कधी विचारावं लागलं नाही.

पाहुणे गेले. मामा छत्री घेऊन निघाला, तेव्हा अण्णांनी उरलेले सगळे लोकरीचे गुंडे एका पिशवीत घालून त्याच्या हाती दिले. "तुमची होती. तुमच्या मापाचा विणा. आणि दार लावून नका विणू, दिगंबरराव. व्हरांड्यात बसून विणा." मामानं नाक शिंकरलं आणि मिशीतल्या मिशीत काहीतरी पुटपुटून तो स्टँडकडे गेला.

बारा वाजत आले होते. अंगणात चटकतं ऊन होतं आणि अण्णा त्या उन्हात मफलर गुंडाळून आरामखुर्चीत बसले होते. मान घामानं चिंब झाली होती. आई बाहेर आली. शुक्रवारपासून त्यांच्यात धड एक शब्द झाला नव्हता.

"अहो, काढा आता तो," ती म्हणाली. "केवढा घाम आलाय."

"येऊ दे," अण्णा म्हणाले. त्यांनी मफलरचं ते भोकाचं टोक उचलून उन्हात धरलं. "मुलगी बघायला आलो होतो, तेव्हा दाखवायचं ते तू आज दाखवलंस. जरा नीट बघू दे की."